सड्यावरचा तांबडा उजेड

तुम्ही परदेशातून पाठवलेला हिरव्या आकाशाचा फोटो छापून आणला आणि फ्रीजवर लावला आहे. "आजी, तू कधी ऑरोरा पाहिलास का?" असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

दोन हजार एकच्या चैत्रात सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी इंग्रजी पेपरात आली. ध्रुवाकडच्या देशांत रात्री दिसणारा हा ऑरोराचा प्रकाश त्या दिवसांत बराच दक्षिणेलाही दिसत होता. तुमचे आजोबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. फार जुन्या काळी हा प्रकाश मुंबईतून दिसल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मुंबईहून रत्नागिरी ती किती लांब!" एवढा त्यांचा हिशेब. मला तो पटला नव्हता. तरी ते, आमचे डॉक्टर आणि बँकेतून निवृत्त झालेले शेजारी, असे तिघे आकाशवेडे रोज संध्याकाळी आमच्या घरामागच्या सड्यावर जाऊ लागले. सडा म्हणजे वस्तीच्या वरचं जांभ्या कातळाचं माळरान. थर्मास, विजेरी आणि पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवणं माझ्याकडे, म्हणून चौथी मी.

सड्याच्या उत्तरेला, उतारावर, माझ्या चुलत दीरांची हापूसची बाग होती. ती कलमं त्यांनी स्वतः लावली होती आणि पहिले उन्हाळे कावडीने पाणी घालून जगवली होती. त्या वर्षी फळ चांगलं धरलं होतं आणि आठवड्याभरात काढणी सुरू होणार होती. आपल्याकडे बागवाले उन्हाळ्याआधी कुंपणाबाहेरचं सुकं गवत स्वतःच जाळून काळा पट्टा करून ठेवतात. त्याला जाळरेषा म्हणतात. सड्यावर वणवा लागला, तर तो त्या पट्ट्याशी येऊन विझतो. दीर थंडीत आजारी होते, म्हणून त्यांचं ते काम राहून गेलं होतं. आता ते पट्टा जाळायला निघाले, तेव्हा आजोबांनी त्यांना अडवलं.

"चार दिवस थांब रे. धुराने सगळं क्षितिज झाकून जातं."

"दादा, गवत बघ. पापडासारखं कुरकुरतंय."

"इतकी वर्षं पेटलं नाही, ते चार दिवसांत पेटणार आहे होय?"

दीर मागे फिरले. थोरल्याचा शब्द मोडायचा नाही, हे त्या घरात लहानपणापासून अंगात भिनलेलं. माझी जाऊ मात्र माझ्यापाशी बोललीच. "भाऊजींचं आभाळ उघडं राहायला हवं, म्हणून आमचं कुंपण उघडं! बरं आहे हो, वैनी."

त्यानंतर तिसऱ्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर आम्ही कातळावर सतरंजी टाकून बसलो होतो. समुद्रावरून वारा येत होता. डॉक्टर चेष्टा करत होते, "मास्तर, तुमचा पेशंट अपॉइंटमेंट घेऊन येत नाही बघा." इतक्यात उत्तरेला, अगदी खाली, तांबूस उजेड दिसला. आधी वाटलं, भास असेल. मग तो रुंद झाला.

"आला!" आजोबा म्हणाले. तिमाहीचा निकाल वाचतानाही न कापणारा त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. "पुस्तकात काय म्हटलंय? वाच, वाच."

मी विजेरीच्या उजेडात वाचलं. तांबडा असू शकतो, क्षितिजालगत असू शकतो, आणि त्याच्या आरपार तारे दिसतात.

"दिसतायत की!" शेजारी म्हणाले. "तो बघा ध्रुव."

आपल्याकडे ध्रुव तुमच्या तिकडच्यासारखा उंच नसतो. हात लांब केला तर बोटांवर टेकेल इतका खाली असतो. त्या तांबूस उजेडाच्या वर तो मिणमिणत होता. मलाही खरं वाटायला लागलं. आजोबांनी एकापाठोपाठ एक फोटो काढले.

मी पुन्हा वर पाहिलं, तर ध्रुव नव्हता.

"अहो, ध्रुव कुठे गेला?"

"ध्रुव कुठे जातोय!" शेजारी हसले. "तेवढा एकच तर आहे जागचा न हलणारा."

पण तो नव्हता. त्याच्या बाजूचे तारेही एकेक करून मावळल्यासारखे नाहीसे होत होते. आरपार दिसायच्या ऐवजी ते बुजत चालले होते. त्याच वेळी समुद्राचा वारा पडला. क्षणभर सगळं गच्च झालं आणि मग जमिनीकडून वारा सुटला. माझ्या हातातल्या उघड्या पुस्तकावर काहीतरी अलगद येऊन बसलं. बोट लावलं, तर राख होती.

"वणवा," मी म्हटलं. "अहो, हा वणवा आहे. आणि वारा बागेकडे फिरलाय."

आजोबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिघेही पुरुष वरच्या बाजूने कुंपणाकडे धावले. दीरांचं घर बागेच्या तळाशी, खोलगट जागेत. तिथून सडा दिसत नाही. त्यांना सांगायला मी पाखाडी उतरू लागले. जांभ्याच्या त्या पायऱ्या मी दिवसासुद्धा भिंत धरून उतरते. विजेरी हलत होती आणि दोन्ही बाजूंना कलमं फळांनी वाकलेली दिसत होती. एक कैरी खांद्याला लागली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दीर जेवायला बसत होते. "भाऊजी, सडा पेटलाय," एवढंच मी बोलले. ते पानावरून उठले, काड्यापेटी घेतली आणि धावले. आगीकडे जाताना काड्यापेटी कशाला, ते मला वर पोचेपर्यंत कळलं नाही.

चार दिवसांसाठी थांबवलेला पट्टा ते आता पेटवत होते. समोरून वणवा येत होता आणि आम्ही कुंपणाशी उभे राहून आपल्याच गवताला आग लावत होतो. जरा चुकलं असतं, तर आमच्याच हाताने बाग गेली असती.

"आत एक ठिणगी जाऊ देऊ नका!" दीर ओरडले. "दादा, हिरव्या डहाळ्या तोड! मार! नुसता बघत काय राहिलायस, तो प्रकाश नव्हे!"

आजोबांनी आयुष्यात धाकट्या भावाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. गुडघा दुखत असताना ते डहाळी आपटत राहिले. जाऊ आणि मी हंड्या-कळश्यांनी पाणी आणून कुंपण भिजवत होतो. पट्टा वाऱ्याविरुद्ध हळूहळू, नको तितका हळूहळू जळत पुढे सरकत होता. एका टोकाला तो पुरला नाही आणि ज्वाळा आत घुसली. वरच्या ओळीची पानं तडतडली. मग दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या, उंच उठल्या आणि जळायला काही न उरल्यामुळे बसल्या.

बाग वाचली. वरची ओळ गेली.

दुसऱ्या दिवशी दीर आणि जाऊ टोपली घेऊन आमच्याकडे आले. त्या ओळीखाली पडलेल्या, एका अंगाने काळ्या झालेल्या कैऱ्या होत्या.

"वैनी, भाजूनच आणल्यात," जाऊ म्हणाली. "तुम्ही फक्त गूळ-वेलची घाला."

मी पन्हं केलं. आजोबा पेल्याला हात लावेनात.

"पी रे दादा," दीर म्हणाले. "तुला चांगलं फैलावर घेणार होतो. पण डहाळ्या मारून हात वर उचलवत नाहीत, नुसतं तोंडाने भांडण्यात मजा नाही."

आजोबांनी पेला उचलला. त्यांच्या बोटांवर फोड होते. "पुढच्या वर्षी पट्टा मी जाळीन," ते म्हणाले.

तेव्हापासून ते दर वर्षी पट्टा जाळायला माघातच जातात आणि गवत नीट सुकलेलंसुद्धा नसतं, म्हणून दीर हसतात. त्या ओळीतली बाकीची कलमं फुटली, एक फुटलं नाही. ते वठलेलं झाड दीर तोडू देत नाहीत. दादा जाळरेषा काढायला येतो, तेव्हा त्याला टोपी आणि पाण्याची पिशवी अडकवायला लागतं, म्हणतात.