फ्यूज माझ्या खिशात आहे

आमच्या घरात देवाच्या शपथेपेक्षा एक वाक्य मोठं होतं: "फ्यूज माझ्या खिशात आहे." बाबा भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, विजेच्या मोटारी तपासायच्या विभागात होते, आणि हे वाक्य तिथलंच. मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी त्याचा फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात टाकायचा आणि तसं मोठ्यानं सांगायचं. मग कोणीही निर्धास्तपणे आत हात घालावा. फ्यूज दाखवा म्हणणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणणं. आणि परत लावायचा तोही ज्याच्या खिशात आहे त्यानंच.

बाबांनी ही रीत टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्येही आणली होती. मिक्सर बिघडला, की स्वयंपाकघराचा फ्यूज खिशात. "अहो, मिक्सर बिघडलाय, माझा दिवा कशाला नेलात?" आई अंधारात फोडणी सांभाळत ओरडायची. बाबा दाद देत नसत. मला मात्र ते फार आवडायचं. बाबांनी खिशावर थाप मारली की आता काही वाईट होणार नाही, अशी माझी खात्रीच असायची.

त्या उन्हाळ्यात आमची जुनी गाडी तापायला लागली. टाउनशिपच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर ती शहाण्यासारखी वागायची, कारण पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. महाराणा प्रताप नगरच्या सिग्नलला उभी राहिली की काटा लाल रेषेकडे सरकू लागायचा. गाडी थांबली की रेडिएटर थंड ठेवायचं काम त्याच्या मागच्या विजेच्या पंख्याचं, आणि तो फिरतच नव्हता. बाबांनी तोडगा काढला: हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता थोडी आत ओढली जाते. मे महिन्यात, भोपाळात, हीटर! मी कोचिंगमध्ये शिकवायला जायचे ती भाजलेल्या वांग्यासारखी उतरायचे. "मिस्तरी को दिखा दो, भाईसाब," शेजारचे काका म्हणाले. पण खोलीएवढ्या मोटारी तपासणारा माणूस एका पंख्यासाठी इंद्रपुरीच्या मिस्त्रीकडे जाणार? शक्यच नव्हतं.

बिघडत होतं ते फक्त गाडीत नव्हतं. बाबा बाजारात सायकलवर गेले आणि चालत परतले, वर सायकल चोरीला गेली म्हणून आमच्यावरच चिडले. जेवताना एकच गोष्ट दोनदा सांगायचे. व्हरांड्यातला दिवा लागेना, तेव्हा "फ्यूज बघतो" म्हणाले, आणि दिवा तसाच राहिला. आई म्हणायची, उन्हानं होतं. मला मात्र भीती वाटायला लागली होती. घरात काय, आम्ही सांभाळून घेत होतो. पण रोज सकाळी भोंगा झाला की बाबा कारखान्यात जात होते, आणि तिथं त्यांच्या त्या एका वाक्यावर माणसं मशीनमध्ये हात घालत होती.

एका रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं. आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि इंजिन चालू करायला लावलं. काटा वर चढला, पंखा ढिम्म. "पाणी तापलं की रेडिएटरवरचा हा स्विच पंख्याला वीज देतो," बाबा मला दाखवत होते, आणि सांगताना ते अगदी पूर्वीचे होते, नेमके आणि थोडे तोऱ्यात. स्विचच्या दोन्ही वायरी काढून त्यांनी तांब्याच्या तारेच्या तुकड्यानं एकमेकींना जोडल्या. "आता स्विच खराब असला तरी पंखा फिरलाच पाहिजे." तरी फिरला नाही. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं, टॉर्च घेऊन वाकले आणि लगेच खूश झाले. पंख्याच्या मोटारीचा प्लग सैल होऊन लोंबत होता.

त्यांचा हात पात्यांमधून जाईना. "तुझा हात बारीक आहे. घाल न, आणि प्लग दाबून बसव."

"इंजिन बंद असलं तरी हा फिरतो न, बाबा?"

"म्हणून तर आधी फ्यूज!" ते दार उघडून डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या डब्याशी वाकले. तिथं जरा वेळ तसेच राहिले. मग पँटच्या खिशावर थाप मारून सरळ झाले. "फ्यूज माझ्या खिशात आहे."

दाखवा, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. आईनं खिडकीतून डोकावून माझ्याकडे पाहिलं. तिच्याही मनात तेच होतं. पण दोघींपैकी कोणीच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर इतके दिवस आम्ही जे झाकत होतो ते त्यांच्यासमोरच उघडं पडलं असतं. मी हात घातला.

आत सगळं अजून गरम होतं. प्लग बोटांना लागला, पण बसेना. मी अंगठ्यानं जोरात दाबला. खट् झालं आणि पंखा सुरू झाला.

पहिल्या फटक्यात माझ्या काचेच्या बांगड्या फुटल्या. मार बांगड्यांनी घेतला, तेवढ्यात मी हात बाहेर ओढला. मनगटातून रक्त येत होतं, बोटं शाबूत होती. समोर पंखा मस्त फिरत होता.

"असा कसा फिरला?" बाबा म्हणाले. "फ्यूज तर हा काय, माझ्याजवळ!" त्यांनी खिशातून काढून तळहातावर धरला. गाडीचा फ्यूज बोटाच्या पेराएवढा असतो. हा चांगला मुठीत मावेल एवढा, पांढरा, चिनी मातीचा होता. व्हरांड्यातल्या दिव्याचा. गाडीचा त्यांनी काढलाच नव्हता. खिशाला हात लावला, काहीतरी लागलं, आणि त्यांना वाटलं, झालं काम.

आईनं उतरून ती तांब्याची तार उपटली, तेव्हा पंखा थांबला. पदर माझ्या मनगटाला गुंडाळत, बाबांकडे न बघता ती म्हणाली, "अहो, उद्या कारखान्यात जायचं नाही."

"काऊन?"

तिनं माझा हात वर करून त्यांच्यासमोर धरला. पदरावर लाल डाग पसरत होता. बाबांनी तिला नाही, मला विचारलं, अगदी हळू. "मी काढला होता न, बेटा?"

मला हो म्हणायचं होतं. इतकं मनापासून मला कधी काही म्हणावंसं वाटलं नव्हतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "तुम्ही नव्हता काढला."

त्यांनी तो फ्यूज आईच्या हातात दिला. रिकाम्या खिशावर एकदा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून होते.