सचिवांची यादवी

नव्वदच्या दशकात शारजात, अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत आम्हा मराठी माणसांचं एक छोटं मंडळ होतं. मी सचिव आणि माझा जिवलग मित्र अध्यक्ष. एका वर्षी वर्धापनदिनाला त्याला संगीत नाटक हवं होतं, मला फार्स. दोघेही हट्टाला पेटलो आणि चाळीस माणसांच्या मंडळात दोन नाटकं उभी राहिली. सगळेच स्टेजवर, बघायला फक्त मुलं.

खरी पंचाईत पुढेच होती. दोघंही हमरिया फ्री झोनमध्ये कामाला, आणि गाडी त्याची. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पाचव्यांदा नापास झालो होतो. भांडणानंतरही तो रोज सकाळी खाली हॉर्न वाजवायचाच. मी मात्र ताठ्यात मागच्या सीटवर जाऊन बसायचो. सख्ख्या मित्राचा ड्रायव्हर करून टाकला. तो नुसता आरसा सरळ करून गाडी काढायचा. दोन महिने असेच गेले. त्याच्या बडबडीवाचून मला ऑफिसातला चहासुद्धा गोड लागेना.

त्याच सुमारास एका रोमन सेनापतीनं स्वतःच्याच यादवी युद्धाची लिहिलेली हकीकत माझ्या हाती लागली. गडी स्वतःला 'तो' म्हणतो, आणि हा 'तो' सहसा चुकत नाही. त्याला सदैव समेट हवा, लढायची खुमखुमी फक्त शत्रूला. मी जाम खूश झालो. मंडळाचा वार्षिक अहवाल तरी वेगळा कुठे असतो? मीही झोकात लिहिलं, 'सचिवांनी अखेरपर्यंत शांततेचे प्रयत्न केले.'

मुलीला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, हू इज धिस सचिव? ही इज सो नाइस."

माझा चेहरा पडला. मग सेनापतीनं कधी लिहिलं नसतं असं एक वाक्य मी शेवटी घातलं.

शुक्रवारच्या सभेत मी अहवाल त्या वाक्यापर्यंत वाचला. "सचिव दोन महिने मागच्या सीटवर बसले, ही सचिवांची चूक होती."

कुठली सीट, कुणाला काही कळेना. अध्यक्ष उठला. त्यानं चष्मा काढून सावकाश पुसला.

"अहवाल मंजूर, फक्त एक दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "सचिवांनी उद्यापासून पुढे बसावं. यल्ला, चला लवकर, अनुमोदन कोण देतंय?"

स्वतःच्या अहवालाला सचिवानं अनुमोदन द्यायचं नसतं. पण हात मीच वर केला, तोही दोन्ही.