कधीमधी खेळण्यापुरतं ग्राफिक्स कार्ड

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी अलकापुरीतल्या एका मित्राच्या घरी बऱ्याच वेळा गेलो. तो गुजराती, वडील डॉक्टर. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि त्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता; रस्ता ओला असला की त्यात दुकानांचे दिवे दिसायचे. त्याची आई आम्हाला सँडविच आणून द्यायची. मी खाली बघून खायचो.

“तारे घेर क्यारे?” तो मधूनमधून विचारायचा. तुझ्या घरी कधी.

आमचं घर तरसालीत, दोन खोल्यांचं. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. कॉलेजात गेलेला घरातला पहिला माणूस मीच, त्यामुळे कॉलेजातला मित्र घरी आला तर त्याला कुठे बसवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडेही कॉम्प्युटर होता, अभ्यासासाठी घेतलेला. त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हतं, त्यामुळे त्यावर तोच गेम लावला की मोटार थांबत थांबत चालायची, आमच्या गल्लीतल्या टेम्पोसारखी.

“ग्राफिक्स कार्ड आलं की ये,” मी एकदा म्हणालो. वेळ मारून न्यायला म्हणालो असेन, पण त्याने ते लक्षात ठेवलं. पुढे तो घराचं विचारेना, कार्डाचं विचारू लागला. तेव्हा मला कळलं की कार्ड आलं नाही तर तो कधीच येणार नाही आणि आलं तर नक्की येईल.

शिकवण्यांचे पैसे साठले होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मांडवीजवळच्या एका दुकानात गेलो. खाली पितळेची भांडी, वर कॉम्प्युटरचे भाग. दुकानदाराने काचेवर तीन कार्डं मांडली. एक बिनपंख्याचं, एक पंख्याचं, आणि तिसरं एवढ्या मोठ्या पंख्याचं की ते मी लगेच बाजूला सारलं.

“गेम केटली रमवानी छे?” त्याने विचारलं. किती खेळणार?

“कोई कोई वार,” मी म्हणालो. कधीमधी.

“भाई, कोई कोई वारनुं कार्ड नथी आवतुं.” कधीमधीचं असं कार्ड येत नाही.

मी मधलं उचललं. स्वस्तातलं घेतलं तर गेम अडखळेल आणि मित्र काही बोलणार नाही, याची मला जास्त भीती होती.

“एजीपी स्लॉट छे ने?” म्हणजे हे कार्ड बसायची खाच.

“हशे,” मी म्हणालो. असेल. मी आमच्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या आत कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या मागच्या स्क्रूवर विक्रेत्याचं कागदी सील होतं, ते फाटलं की वॉरंटी गेली. वडील रोज संध्याकाळी आल्यावर हातपाय धुऊन ते सील बघायचे. कारखान्यात सील तोडणाऱ्याला सही करावी लागते, आणि का तोडलं ते सांगावं लागतं.

दसऱ्याला सकाळी आईने पाटावर माझी पुस्तकं, वडिलांचे पाने-स्क्रूड्रायव्हर आणि कार्डाचा खोका मांडला. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. खोक्यावर चिलखत घातलेल्या एका बाईचं चित्र होतं. चिलखत पुरेसं नव्हतं.

“हिची पूजा करायची?” आईने विचारलं.

वडिलांनी चष्मा लावून पाहिलं. “हातात तलवार आहे. चालेल.”

आईने तलवारीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि बाईच्या गळ्यापासून खाली एक रुमाल पांघरला.

मित्र चारला जिलबीचा पुडा घेऊन आला. पूजा झालेल्या वस्तूंना आमच्याकडे संध्याकाळपर्यंत हात लावत नाहीत, हे मी त्याला सांगायला विसरलो होतो. त्याने हार घातलेल्या मॉनिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“चालू नाही करायचा?”

“सोनं लुटून आल्यावर.”

तो कॉटवर बसला. वडील त्याच्यासमोर खुर्चीवर बसले.

“तुमचे वडील कसले डॉक्टर?”

“कानना.”

“मला डाव्या कानाने कमी येतं,” वडील म्हणाले. “मशीनमुळे.” आणि ते संध्याकाळपर्यंत त्याला मशीन कसं चालतं ते सांगत राहिले. मी आत आईजवळ उभा होतो. “बाहेर बस की,” ती म्हणाली, “पाहुणा तुझा आहे.”

संध्याकाळी आम्ही सगळे सोसायटीमागच्या देवळापर्यंत जाऊन आलो. वडिलांनी त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली, त्याने वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर वडिलांनी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सीलपाशी थांबले.

“राहू द्या,” मी म्हणालो. “वॉरंटी आहे अजून.”

“आज सीमा ओलांडायचाच दिवस असतो,” ते म्हणाले आणि त्यांनी ते फाडलं.

मित्राने आत डोकावून बराच वेळ पाहिलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जिथे तपकिरी खाच होती, तिथे आमच्या बोर्डावर नुसती रेघांनी आखलेली जागा होती. खाच बसवलीच नव्हती.

“प्लॉट आहे,” वडील म्हणाले. “घर बांधलेलं नाही.”

मी मित्राला म्हणालो, “उशीर झाला असेल तर जा तू. कार्ड बदलून आणलं की सांगतो.”

“जिलबी उरलीय,” तो म्हणाला. त्याने कॉम्प्युटरचा डबा बंद केला, गेम लावला आणि सेटिंगमध्ये जाऊन एकेक गोष्ट काढून टाकली. सावल्या काढल्या, झाडं काढली, ओला रस्ता काढला. चित्र पोस्टकार्डाएवढं झालं. त्यात दोन ठोकळे न थांबता पळू लागले.

वडील मागे उभे होते. “यातला आपला कोणता?”

“लाल, काका.”

“मग डावीकडे घे ना.”

जेवायच्या वेळेपर्यंत खेळ चालला. आईने त्याला विचारलंच नाही, ताट वाढलं.

रविवारी तो माझ्याबरोबर दुकानात आला. दुकानदाराने खोका हातात घेतला. तलवारीवर कुंकू होतं आणि फटीत अक्षता अडकल्या होत्या. त्याने खोका कपाळाला लावला.

“पूजा करेलो माल. ना केम पाडुं?” नाही कसं म्हणू? मग त्याने आमचा बोर्ड कोणता ते विचारलं. या वेळी मी कागदावर लिहून आणलं होतं. त्यात बसेल असं जुन्या तऱ्हेचं एक कार्ड वरच्या फळीवर होतं, पण ते हळू चालेल, असं तो म्हणाला.

“गेम केटली रमवानी?” त्याने पुन्हा विचारलं.

मी बोर्डाचा कागद घडी घालून खिशात ठेवत होतो.

“रविवारे रविवारे,” मित्र म्हणाला. “एने घेर.” याच्या घरी.

दुकानदाराने शिडी लावली.