वहीतले चार अंश

लसींच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहायचं, हे बर्फकाकांचं काम. फ्रीजशीच संसार, म्हणून दवाखान्यात सगळे त्यांना बर्फकाका म्हणत. एरवी माणूस तापट. लस दोन ते आठ अंशांत टिकते, त्यावर गेली की निकामी होते, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्यांनी शपथेसारखं मनावर घेतलं होतं.

दुसऱ्या वर्षी काटा अकरावर गेला. काकांनी अकरा लिहिलं. मग काय विचारता! साठा फेकावा लागला, वरून कारणे दाखवा नोटीस आली, तीन पानी खुलासा झाला, बढती लटकली. फ्रीज का बिघडला हे कुणी विचारलं नाही. अकरा लिहिलं कुणी, एवढंच विचारलं. साहेब तसे भले. त्यांनी चहा पाजला आणि समजुतीनं सांगितलं, "काका, काटा काहीही म्हणो. वहीनं शहाण्यासारखं वागावं."

तेव्हापासून वही शहाणी झाली. सकाळी चार, संध्याकाळी चार. आधी आधी सहाचे चार करतानाही हात अडखळायचा. मग काट्याकडे बघणंच सुटलं, आणि पुढे तर सोमवारीच आठवड्याभराचे चार मांडून काका मोकळे होऊ लागले. कुणाचं वाईट करावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. लबाडी म्हणावी एवढे कष्टसुद्धा त्यात नव्हते. खरं लिहिलं की फटका, खोटं लिहिलं की शाबासकी. सरळ माणूस वाकडा करायला आणखी काय लागतं? तपासणीला येणाऱ्यांनी तर दोनदा शेरा मारला, नोंदी आदर्श आहेत म्हणून.

बारा वर्षं अशी गेली. मग एका सकाळी काकांनी स्वतः होऊन फ्रीज उघडला, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या साडेतीन महिन्यांच्या नातीला लस द्यायची होती. आतून गारवा आलाच नाही. मोटर बंद, काटा सतरावर. कधीपासून? ते सांगणारी एकच वस्तू होती, ती वही, आणि तिच्यात चार.

काका धापा टाकत साहेबांकडे गेले, साठा बाद करा म्हणाले. साहेबांनी वही मागवून शांतपणे पानं उलटली. बारा वर्षांत जे तापमान एकदाही हललं नाही ते आज एकदम सतरा कसं होईल, काटाच बिघडला असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"वही खोटी आहे, साहेब. मीच लिहिलीय."

"मग तसं लिहून द्या. बारा वर्षांचं. प्रत्येक पानाखाली माझीही सही आहे, काका. दोघंही घरी जाऊ."

काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांनी लिहून दिलं नाही. मेकॅनिक आला, मोटर सुरू झाली, संध्याकाळी काटा खरोखर पाचवर उतरला. साठा जागचा हलला नाही. स्वतःची इतकी किळस काकांना आयुष्यात कधी आली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला सांगितलं, बाळाला उद्या आणू नकोस, नवा साठा आला की बघू. मुलीनं बापाचा चेहरा पाहिला आणि जे समजायचं ते समजली.

"आणि शेजारची? तीही पोराला घेऊन येतेय, माझ्या भरवशावर. तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस," काका म्हणाले.

सकाळी शेजारीण रांगेत पहिली होती. कडेवरचं पोर पांढरे कोट बघून रडायला लागलं, तशी तिनं काकांकडे बोट दाखवून त्याला गप्प केलं. "अरे, ते बघ कोण आहेत. आपले आजोबा आहेत ना इथं, मग कशाला घाबरायचं?"

काकांनी फ्रीजमधून कुपी काढली आणि नर्सच्या हातात दिली.