खिडकीतून आत आलेलं बोट

रक्त तपासणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. सुई टोचेपर्यंत माणूस भीतीने बोलत राहतो आणि ते सगळं आपल्याकडे साठत जातं. मी डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन होतो. हे किस्से शेवंतीचं हिमोग्लोबिन सहावर अडकलं होतं त्या वर्षातले.

शेवंती सिंधुदुर्गातली, नवरा पाळी गावच्या खाणीवर कामाला. तिला सातवा महिना चालू. हिमोग्लोबिन दहावर गेलं नाही तर बाळंतपणात आई आणि मूल, दोघांच्याही जिवाला धोका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर पंधरा दिवसांनी ती सासूबरोबर यायची. तिचा आकडा लिहिताना मला खरंच वाईट वाटायचं.

आमचे डॉक्टर पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. 'एमोग्लोबिना' म्हणायचे. त्यातला 'ह' ते कागदावर लिहीत, तोंडात येऊ देत नसत. आजार सांगण्याआधी शब्द फोडून दाखवायची त्यांना भारी हौस!

एकदा धारगळचा एक ड्रायव्हर लघवीतून रक्त जातं म्हणून आला. डॉक्टरांनी त्याला समजावलं, 'एमा' म्हणजे ग्रीकमध्ये रक्त, यूरिया म्हणजे लघवीत, म्हणून तुला एमाच्युरिया. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "दोतोर, हांवें तेंच सांगलें तुमकां."

कारापूरच्या एका दुकानदाराला ॲनिमिया निघाला. 'ॲन' म्हणजे नाही आणि 'एमा' म्हणजे रक्त, हे डॉक्टरांकडून ऐकून तो सरळ माझ्या खिडकीशी आला आणि नळीतल्या रक्ताकडे बोट दाखवून विचारू लागला, हे मग कोणाचं?

पेडण्याहून बदलून आलेल्या एका मास्तरांना मूळव्याध झाली. रजेच्या अर्जावर तो शब्द नको, म्हणून डॉक्टरांनी 'हेमोरॉइड्स' लिहून दिलं. हेडमास्तरांनी नोटीस काढली की सरांना रक्ताचा गंभीर आजार आहे. सगळी शाळा शहाळी घेऊन घरी गेली. मास्तरांना तीन तास लाकडी खुर्चीवर बसून पाहुण्यांशी बोलावं लागलं.

माझी लॅब म्हणजे एक खोली आणि तिला एक छोटी खिडकी. माणूस बाहेर रांगेत राहायचा, बोट तेवढं आत यायचं. मी नाव पुकारायचो, बोट टोचायचो, आकडा लिहायचो. तोंड बघायला सवड कुणाला?

नवव्या महिन्यात शेवंतीचा आकडा बारा आला. मी स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. लोहाच्या गोळ्यांचा गुण आला, म्हणून मी सिस्टरना चहासुद्धा पाजला.

डॉक्टरांनी शेवंतीच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक. त्यांनी मला बोलावून विचारलं, हे बारा कुठून आणले? माझा पारा चढला. म्हटलं, पुन्हा तपासतो, तुमच्यासमोर. मी खिडकीशी बसलो आणि शेवंतीचं नाव पुकारलं.

बोट आत आलं. कापणीत विळे लागून चरे पडलेलं, सुरकुतलेलं. या वेळी मी मान बाहेर काढून बघितलं. सासू उभी होती आणि शेवंती मागे बाकावर बसलेली.

डॉक्टर भडकलेच. सासूने बोट मागे घेतलं नाही.

"तिच्या अंगात आदीच कमी रगात. ताच दोघांका पुरवचा आसा. तुमका तपासूक होया तर माझा काढा. माका आता खय पोरा होवची आसत?"