मोटार मीच भरते

नेकनूरच्या बाजाररस्त्यावर आमचं मोटार भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली जुनी तार काढून नवी घालावी लागते, त्याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. दुकान नवऱ्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुपारचा डबा घेऊन जायचे, ते जेवेपर्यंत बसायचे, आणि हात रिकामे कशाला ठेवायचे म्हणून त्यांना तारेखाली घालायचा जाड कागद कापून द्यायला लागले. पुढं तारेची वेटोळी करून द्यायला लागले. एकदा त्यांना ताप भरला. मोटार अर्धी भरून पडलेली आणि गिऱ्हाईक घाईचं. राहिलेली मी पुरी केली. बरे झाल्यावर त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा गच्च बसवलीस की."

तिथून भरायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. ते गिऱ्हाईक बघायचे, मोटारी खोलायचे, विहिरीवर जाऊन जोडून यायचे, बीडहून तार आणायचे. मी भरायची, पण पडद्यामागं.

हा पडदा मीच लावला होता. दुकानाच्या मधोमध दोरी बांधून त्यावर जुनं लुगडं टाकलं होतं. पुढच्या भागात नवरा, मागच्या भागात मी आणि एक बल्ब. गिऱ्हाईकाची चाहूल लागली की माझा हात थांबायचा. "मालकाचा हात लई साफ हाय," असं कुणी म्हणालं की मला आत बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याच्या मागोमाग काहीतरी टोचायचंही, पण ते मी तिथल्या तिथं गिळून टाकायचे.

नवरा म्हणायचा, "बाहेर बस की. उजेड बी हाय, वारं बी हाय."

"बाईनं भरलेली मोटार कोण नेईल? आणि आत्याबाईंना आवडंल का?" आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

दोन-चारदा विचारून नवऱ्यानं तो विषय सोडून दिला. मला सुटल्यासारखं झालं.

माझं लहानपण लिंबागणेशला मावशीकडं गेलं. आई-वडील दरसाल ऊसतोडीला जायचे, शाळा बुडू नये म्हणून मला मावशीकडं ठेवायचे. मावशीनं मला कधी टाकून बोललं नाही. तरीपण दुसऱ्याच्या घरात वाढलेलं लेकरू कमी जागेत बसायला शिकतं. मी तर पातेलं खाली ठेवतानासुद्धा दोन्ही हातांनी ठेवायचे, आवाज होऊ नये म्हणून. ती सवय माझ्याबरोबर सासरी आली. दुकानाचा फोन वाजला तरी मी उचलत नसे. तार आणायला सोबत चल म्हटलं तर घरात काम निघायचं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं कारण तयार असायचं, आणि त्या कारणात दुसऱ्या कुणाचं तरी नाव असायचं.

दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या हंगामात नवरा बीडहून तार घेऊन येत होता. मांजरसुंब्याच्या फाट्यावर वळताना खडीवरून गाडी घसरली. डोक्याला काही झालं नाही, पण उजव्या हाताचं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. चार दिवसांनी ते दुकानात येऊन बसले, कारण घरात बसवेना. ते पुढं बसून मोटारी घेत, शेजारच्या दुकानातला माणूस खोलायला हात लावी, आणि मी मागं भरत असे. तेवढ्यावर भागतंय असं मला वाटत होतं.

लिंबागणेशकडच्या एका वस्तीवरचे एक कांदेवाले शेतकरी त्या आठवड्यात मोटार घेऊन आले होते. जुनं गिऱ्हाईक. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेलेले, सगळं रान यांच्या एकट्याच्या गळ्यात. मोटार भरून झाली त्या दिवशी लाईट गेलेली होती. एरवी मोटार दुकानात चालवून बघितल्याशिवाय आम्ही देत नाही. ते मात्र पिकअप घेऊन दारातच आले.

"द्या, द्या. जोडायचं आमी बघतो, रान करपायला लागलंय. शेताला दिवसाची लाईट हाय या आठवड्याला, पुढं रातची."

नवऱ्यानं मोटार पिकअपमध्ये ठेवू दिली. मी आत बसून ऐकत होते. ती चालवून पाहिलेली नाही हे मला माहीत होतं. घाईत भरली होती, शेवटचे जोड अंधुक उजेडात केले होते. "थांबा," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणायचं तर पडदा सारून बाहेर यावं लागलं असतं. पिकअप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मोटार नुसती हुंकारते, पाणी उचलत नाही, स्टार्टर, म्हणजे मोटार चालू करायची पेटी, खटकन पडून बंद होते.

नवऱ्यानं आपल्या प्लास्टरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तू जा."

"मी?"

"मंग कोण? माझ्यानं स्क्रू फिरत न्हाई. गाडी पाठवायलेत ते."

मी भाकरी थापत होते. थापता थापता सगळी कारणं सांगितली. अनोळखी वस्ती, पुरुष माणसं जमणार, विहिरीवर बाई कधी मोटार जोडायला गेलीय का, आणि आत्याबाईंना काय वाटेल.

आत्याबाई चुलीच्या पलीकडं लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"मला काय वाटायचंय?"

मी हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"मी कधी न्हाई म्हणलं गं तुला? तू लुगडं मागितलंस पडद्याला, मी दिलं. मला वाटलं, तुला आतच बरं वाटतंय."

नवरा हळूच म्हणाला, "मी बी कधी अडवलं न्हाई."

खरोखर कुणी अडवलं होतं ते मी आठवून पाहिलं. गिऱ्हाईकांनी? त्यांना तर मी कधी दिसलेच नव्हते. शेजाऱ्यांनी? एकही चेहरा पुढं येईना. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं मी आत बसले होते, त्यांच्यातल्या एकालाही मी विचारलं नव्हतं. भाकरी तव्यावर करपली तेव्हा आत्याबाईच उठल्या आणि त्यांनी ती उलटली.

"चल, मी बी येते. तेवढंच वाऱ्याला जाणं होईल."

पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी आत्याबाई, दाराशी मी, मांडीवर पान्यांची पिशवी. आत्याबाई सगळ्या रस्त्यानं कुणाची ज्वारी कशी आहे ते सांगत होत्या. मी पिशवीतले पाने-पक्कड पुन्हा पुन्हा चाचपत होते.

विहिरीवर चार-पाच माणसं कठड्यावर बसलेली. शेतकरी पुढं आले. त्यांनी पिकअपच्या मागं पाहिलं, आत पाहिलं.

"मालक कुठंयत?"

"त्यांचा हात मोडलाय. मी बघते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना "आं?" करावं लागलं. मी पुन्हा म्हणाले.

स्टार्टरची पेटी उघडली. बल्ब लावून पाहिला. तिन्ही तारांत वीज नीट येत होती. जोडणी तपासली, तीही ठीक. फ्यूज ठीक. एकेक गोष्ट ठीक निघत गेली तसतशी मी तीच पुन्हा तपासत राहिले, कारण मग दोष राहत होता तो मोटारीच्या पोटातच. एका वेटोळ्याचा जोड उलटा बसला की मोटार अशीच हुंकारते. तो जोड मी केला होता.

मला सहज म्हणता आलं असतं, की मालकांना विचारून सांगते. जिभेवर आलंही होतं ते वाक्य.

"दादा, चूक माझी हाय," मी म्हणाले. "आत जोड उलटा बसलाय. मोटार वर काढा. दुकानात न्यावी लागंल, आजच्या आज करून देते."

"तुमची म्हंजी? मोटार मालकानं भरलीय ना?"

"न्हाई. मोटार मीच भरते. लई वर्षं झाली. तुमची मागची बी मीच भरली होती."

कठड्यावरचा एक जण मोठ्यानं हसला. "तरी म्हणलं, मालक कधी तार भरताना दिसत कावून न्हाईत!"

शेतकऱ्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. दिवसाची लाईट वाया चालली होती, ते साहजिक चिडले होते. "मागची चांगली चालली तीन साल," ते कुरकुरत म्हणाले, "आता कावून असं झालं?"

"चालवून न बघता दिली. लाईट नव्हती, तुमी घाईत होता, आन् मी बोलले न्हाई."

त्यांनी हातातला टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. मग कठड्याकडं वळून ओरडले, "अबे बसून काय ऱ्हायलात, दोर धरा!"

दुकानात आलो. मोटार खोलली. आतला बल्ब मला पुरेना. उलटा जोड शोधायचा म्हणजे तार न् तार दिसायला हवी. मी मोटार ओढत पुढं आणली, दाराशी, जिथं ऊन येतं. पडदा मधे येत होता, तो नवऱ्यानं डाव्या हातानं ओढून काढला आणि त्याची घडी करायला आत्याबाईंकडं दिला. शेतकरी समोरच्या बाकावर बसून बघत होते. रस्त्यानं जाणारे थबकत होते. पहिल्यांदा मानेवर सगळ्यांची नजर चटका बसल्यासारखी जाणवली. मग जोड सापडला, आणि त्यानंतर कोण बघतंय याचं भान राहिलं नाही. जोड सोडवला, सुलटा केला, वरून टेप घट्ट गुंडाळला. लाईट होती. पाण्यातली मोटार कोरडी फार वेळ फिरवत नाहीत, म्हणून क्षणभरच चालवली. एकसारखा आवाज आला, ज्याला आम्ही गोड आवाज म्हणतो.

"हां," शेतकरी म्हणाले आणि उठले.

मी परत त्यांच्याबरोबर गेले. मोटार सोडली, जोडली. पाटात पाणी आलं तेव्हा सूर्य कलला होता. त्यांनी माझं कौतुक वगैरे काही केलं नाही. "पुढच्या टायमाला चालवून द्या वहिनी," एवढंच म्हणाले, आणि पिशवीत कांद्याची ओली पात घातली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एक जुने गिऱ्हाईक दाराशी मला तार भरताना पाहून मोटार उचलून बीडला घेऊन गेले. ते पुन्हा आले नाहीत. ज्या गोष्टीला मी जन्मभर भीत होते ती घडली, आणि दुपारी मला नेहमीसारखी भूकही लागली. बाकीचे येत राहिले. काही जण तर आता माझ्याशीच बोलतात, आणि नवरा लटक्या रागानं म्हणतो, "आमी इथं बसलोय कशाला मंग?" हात बरा झाल्यावर त्यांनी दुकानात आणखी एक टेबल आणलं. विहिरीवर कधी ते जातात, कधी मी.

बीडला तारेच्या दुकानात पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा जाताना बसमध्ये बोलायचं ते मनात घोकलं होतं. दुकानदारानं तारेची जाडी विचारली, मी सांगितली, त्यानं दिली. इतकंच. येताना खिडकीशी बसून मला हसू आवरेना. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "कायच न्हाई. तार आणली."

फोनही मी उचलायला लागले, आणि त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. ऊसतोडीच्या दिवसांत फोन जास्त करून म्हाताऱ्या बायकांचे यायचे. घरातली कमावती माणसं कारखान्यावर, आणि मोटार बंद पडली की या बायका पुरुष माणसाची वाट बघत बसायच्या. पुष्कळदा मोटारीला काहीच झालेलं नसायचं. स्टार्टर पडलेला असायचा, तो नीट बघून परत चालू करायचा असायचा. "मला ते हात लावायचं भ्या वाटतं," असं त्यांच्यातली प्रत्येक जण म्हणायची. तो सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मागच्या हंगामात नवरा म्हणाला, "वस्तीवर जाऊन एकदा सगळ्यांना दाखवून ये की." माझ्या तोंडून लगेच निघालं, "मला कुठं असं बोलता येतंय?" आणि मी मधेच थांबले. कधी बोलून पाहिलं होतं का मी?

त्याच कांदेवाल्यांच्या वस्तीवर गेले. सात-आठ बायका लिंबाखाली बसल्या होत्या. सुरुवातीला घोकून आणलेलं भाषण सुरू केलं, ते दुसऱ्याच वाक्याला अडलं. मग मी भाषण देणं सोडलं, सगळ्यांना उठवून स्टार्टरपाशी नेलं आणि पेटी दाखवायला लागले. हात कोरडे पाहिजेत. पायाखाली कोरडी फळी घ्यायची, पायात चप्पल पाहिजे. पेटी उघडायची नाही. जळका वास आला तर हात लावायचा नाही, मला फोन करायचा. वास नसेल तर थोडं थांबायचं आणि हिरवं बटण दाबायचं.

एक म्हातारी मागं उभी होती. तिची दोन्ही लेकरं, सुना, सगळे तोडीला गेले होते. ती म्हणाली, "आगं, मी कधी घरातला दिवा बी लावला न्हाई बटनानं. एरवी सून लावती, आता शेजारचं पोरगं."

"मावशी, या पुढं."

तिनं पदरानं हात पुसले, बोटं एकेक करून पुसली. फळीवर चढली. डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं. खाली विहिरीत मोटार सुरू झाली, पाइपातून आधी वारा फुसफुसला, मग पाणी पडायला लागलं. तिनं एक डोळा उघडला.

"मीच केलं का हे?"

"तुमीच."

"मंग बंद बी मलाच करू द्या," ती म्हणाली, आणि तांबड्या बटणावर बोट ठेवून उभी राहिली.