पाझर तलावातला मांगूर

"सायेब, पाण्याखाली जाऊन मासा धरतं का कोनी?" असं म्हणत नामदेवभाऊ माझ्या नकाशावर वाकले आणि त्यावर तंबाखूची चिमूट सांडली.

मी तेव्हा नाशिकला मत्स्यव्यवसाय खात्यात अधिकारी होतो. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झालेली. दिंडोरीकडच्या एका पाझर तलावात परदेशी मांगूर घुसला होता. कुणीतरी शेततळ्यात पाळला, पावसात तळं फुटलं आणि मासा तलावात गेला. काळा, मिशाळ आणि इतका खादाड, की दुसऱ्या माशाचं पिल्लू शिल्लक ठेवत नाही. सरकारनं त्याच्यावर बंदी घातली होती. पण मांगूरला ते कुणी कळवलं नव्हतं.

नामदेवभाऊ तिथल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मागच्या वर्षी सोडलेलं रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, या राक्षसानं फस्त केलं होतं. नवं बीज पंधरा दिवसांवर आलेलं.

"औंदाबी गेलं, तर मानसं जाळी इकून द्राक्षाच्या छाटनीला जातील. सोसायटी संपली म्हना," भाऊ म्हणाले.

नुसत्या जाळ्यानं भागत नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की मांगूर बांधाच्या दगडांच्या कपारीत दडून बसायचा. म्हणून मी पाटबंधारे खात्याकडून सखारामदादांना मागून घेतलं. दादा पेठ तालुक्यातले, धरणाचे गेट तपासायला बुडी मारणारे. प्लॅन असा : दादांनी सिलिंडर लावून खाली जायचं, बांबूनं कपारी ढोसायच्या, बाहेर भाऊंच्या माणसांनी जाळं धरायचं. एका सिलिंडरमध्ये पाऊण तास काम. अशी मोहीम मी पहिल्यांदाच आखत होतो. नकाशा तीनदा काढला. लग्नाच्या वेळीही एवढी धाकधूक नव्हती.

बॉसना फोन केला.

"करा. पण पंचनाम्याशिवाय एकही मासा मारायचा नाही. मी अकराला येतो, समोर मोजू, फोटो काढू, मग नष्ट करा."

सकाळी सातला दादा उतरले. थोडा वेळ नुसते बुडबुडे. मग जाळ्याला असा हिसका बसला म्हणून सांगू! कोपरापर्यंतच्या हाताएवढे मांगूर. दहापर्यंत काठावर बेचाळीस जमले. दादांच्या अंगठ्यात मांगूरच्या पराचा काटा घुसून हात सुजला, तरी गडी खूश. "अजून दोन कपारी राहिल्यात," म्हणाले.

अकरा वाजले, बारा वाजले, बॉसचा पत्ता नाही. ऊन रणरणत होतं. फोटोत मासे ताजे दिसावेत म्हणून मी, अतिशहाण्यानं, त्यांच्यावर ओली पोती टाकायला लावली. आम्ही बाभळीखाली भाकरी-ठेचा खायला बसलो.

परत येऊन पोती उचलली, तर खाली सात मासे. चिखलात थेट पाण्यापर्यंत ओरखडे. मांगूर हवेत श्वास घेतो आणि अंग ओलं राहिलं, की जमिनीवरून सरपटत जातो. हे मीच ट्रेनिंगमध्ये लोकांना शिकवायचो!

"वा रं वा सायेब! गादी अंथरून दिली त्यांना," नामदेवभाऊ म्हणाले. मग ओरखड्यांकडे बघून म्हणाले, "आता माझं बीज गेलंच ना?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दीडला बॉसची जीप आली.

"मासे कुठायत?"

"गेले, सर."

"कुठे?"

"घरी."

दुसऱ्या दिवशी रविवार. सुजलेला हात घेऊन दादा स्वतःहून आले. मी कुणाला फोन केला नाही. जाळ्यातून मासा निघाला, की डोक्यात दांडका आणि सरळ चुन्याच्या खड्ड्यात. तीन दिवस हेच चाललं. सगळे संपले असं मी म्हणणार नाही, पण बीजाला जगायला जागा झाली.

मला नोटीस आली. पंचनाम्याविना मासे का मारले, याचा खुलासा करा. मी एकच ओळ लिहिली : 'आधीचे पंचनाम्यासाठी थांबले नाहीत.' पुढचं इन्क्रिमेंट लांबलं.

पुढच्या उन्हाळ्यात नामदेवभाऊ ऑफिसात आले. टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला रोहू ठेवला आणि समोर बसले. मग त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले. चपराशानं न सांगता दोन चहा आणले.

दादा आता नाहीत. सोसायटी आहे. नोकरीत मी ढीगभर नियम पाळले, त्यातला एकही आठवत नाही. मोडलेला मात्र तारीखवार आठवतो.